गिऱ्हाइकाचं आधार मागितलं की जुनी नाणी सुरक्षित विकली जातात का?

टाकसाळकर
नाणेसंग्राहकांच्या गटांत परवापासून एक संदेश फिरतोय: "जुनी नाणी ऑनलाइन विकताना गिऱ्हाइकाचं आधार आणि पॅन आधी मागा. घासाघीस न करणारा हमखास चोर. परराज्यातला असेल तर विकूच नका." मी सोडून दिलं होतं, पण आज मेव्हण्याने तोच संदेश मला शहाणपण शिकवायला पाठवला. आता लिहिणं आलं.

आधार मागून काय साधतं? 'मी फौजी आहे, पोस्टिंगवर आहे' म्हणणारे भामटे न मागता ओळखपत्र पाठवतात, कॅन्टीन कार्ड पाठवतात, वर्दीतला फोटो पाठवतात. कागद दाखवायची सगळ्यात घाई त्यांनाच. वर "आता तुमचंही पाठवा" म्हणून तुमची प्रत घेतात आणि पुढच्या बकऱ्याला ती दाखवतात.

घासाघीशीचं म्हणाल तर हवं ते साल, हवी ती टाकसाळ मिळाली की खरा संग्राहक मुकाट पैसे देतो. तारखेखाली मुंबई टाकसाळीची खूण म्हणजे हिरा आहे की हैदराबादची, म्हणजे तारा, हे विचारणारा माणूस बहुधा खरा. नाण्याबद्दल एकही प्रश्न न विचारता "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा" म्हणणारा खोटा.

पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने माणसामाणसांतल्या कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे समोरच्याकडे पैसे मागायची सोय, बंद केल्या, तरी क्यूआरचं नाटक चालूच आहे. स्क्रीनशॉट आणि एसएमएस दोन्ही घरी बनवता येतात. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पाकीट चिकटवू नका. चेक असेल तर तो वटेपर्यंत थांबा. "चुकून जास्त गेले, परत टाका" असं आलं तर स्वतः परत पाठवू नका, बँकेला कळवा.

डोंबिवलीकर भाऊ
निबंध छान. पण तो संदेश तुमच्यासाठी नव्हताच, साहेब. माझ्या सासऱ्यांना एकाने ट्रॅक्टरवाल्या पाच रुपयांच्या नोटेचे लाखो देतो म्हणून सांगितलं. आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचं कमिशन. पत्रावर शिक्का, लोगो, सगळं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर सांगितलंय की आम्ही या व्यवहारात नाही आणि कुणाकडून कमिशनही घेत नाही. पण ते वाचतंय कोण? 'परक्याला विकू नका' एवढं एक वाक्य डोक्यात असतं तर सासरे वाचले असते. हिरा-तारा त्यांना काय कळणार?

टाकसाळकर
मग वाक्य असं करा: विकणारा कधीच पैसे भरत नाही. तेवढंच छोटं आहे आणि खरंही आहे. आणि लुटणारा परराज्यातलाच कशावरून? अस्खलित मराठीत लुटणारे मी पाहिलेत.

शिवराई_वेडा
सगळे गिऱ्हाइकांवर घसरताय, विकणाऱ्यांचं काय? ईस्ट इंडिया कंपनीचा १८१८ चा हनुमानाचा अर्धा आणा कोण विकतं? कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून त्याच्या ओतीव नकला प्रत्येक प्रदर्शनाबाहेर चादरीवर मांडलेल्या असतात. रामदरबाराचं चित्र असलेल्या रामटंक्याचं तर विचारूच नका.

माझंच ऐका. १८४० चा व्हिक्टोरियाचा रुपया घेतला. फोटो अंधारातला. हातात आला तर ताटासारखा चकचकीत, राणीच्या गालावर घासल्याचे ओरखडे. परत केला, तर त्या गृहस्थाने माझा नंबर चार गटांत 'फ्रॉड बायर' म्हणून टाकला! धुतलेलं नाणं विकणारा सज्जन आणि मी संशयित?

सुलभाताई
धुतलं तर काय बिघडलं? आमच्या आईच्या पेटीतली नाणी मी चिंच लावून, रांगोळीने घासूनच विकते. काळं पडलेलं नाणं कोण घेणार?

शिवराई_वेडा
ताई, रांगोळी??? जी किंमत होती ती तुम्ही मोरीत सोडलीत. तो काळपटपणाच शंभर-दीडशे वर्षांचा दाखला असतो. आता तुमच्याकडे फक्त चांदी उरली, सराफाला वजनावर घाला.

सुलभाताई
तोंड सांभाळून बोला. पैसे आले, घेणारा खूश आहे. तुम्हाला कोणी बळजबरी केली होती का?

चांदीवाला सांगलीकर
ताईंची बाजू नाही घेत, पण वेडासाहेब, 'धुतलेलं आहे' म्हणत परत करणाऱ्यांत निम्मे बदलाबदली करणारे असतात. आपला खरा ठेवून घेतात, नकल परत धाडतात. ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा. मी पाठवण्याआधी काट्यावर ठेवून फोटो काढतो, मग दोन्ही बाजू आणि कडेचे दाते. प्रत्येक जुन्या नाण्यावर कुठेतरी स्वतःची खोच असते, तीच टिपून ठेवतो. पाकीट बंद करतानाचा व्हिडिओ एका दमात, मध्ये कट नाही. आणि लिहूनच देतो: परत करायचं तर उघडतानाचा व्हिडिओही तसाच पाहिजे. भांडणं जवळजवळ संपली.

शिवराई_वेडा
निम्मे? मोजले होते का? व्हिडिओचं मान्य. पण मग जाहिरातीतला फोटोही उजेडात काढा की. कट नसलेला.

चांदीवाला सांगलीकर
काढतो. आणि शेजारी माझं नाव व तारखेची चिठ्ठी ठेवतो. नाहीतर माझाच फोटो उचलून दुसरा कोणी माझं नाणं 'विकतो'.

न्यू जर्सीचा नाम्या
परक्या गिऱ्हाइकाचा विषय निघालाय म्हणून. मला छत्रपतींच्या काळातली तांब्याची शिवराई हवी होती. आगाऊ पैसे देत होतो, पुण्याच्या एकाने सरळ ब्लॉक केलं. अमेरिकेत राहणारा मराठी माणूस म्हणजे चोर का?

टाकसाळकर
चोर नाही, पण त्याने बरोबर केलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवराईच काय, जॉर्ज पंचमचे सुरुवातीचे रुपयेही त्यात आले. "पाकिटावर सोव्हेनियर लिहा" म्हणणारं गिऱ्हाईक तर दारातूनच परतवावं.

न्यू जर्सीचा नाम्या
तसंच लिहा म्हटलं होतं मी, म्हणून तर... असो. पुढच्या वारीत पुण्याच्या जुन्या बाजारात बघेन.

सुलभाताई
बघून काय करणार, नेता तर येणार नाही! आणि बघायचंच तर घासलेली बघा, काळ्यावर अक्षर तरी दिसतं का.

शिवराई_वेडा
हात जोडले.

तिकीटवाला
नाण्यांतून वेळ मिळाला तर माझं ऐका. १९४८ चं गांधीजींचं दहा रुपयांचं तिकीट विकलं. टाकसाळकर म्हणतात तसंच सगळं केलं: पैसे ॲपमध्ये बघितले, मग पाठवलं. काही आठवड्यांनी खातं गोठलं. दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र. गिऱ्हाइकाने पैसे भरले ते फसवलेल्या कोणाच्या तरी खात्यातून. त्या बिचाऱ्याने १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली आणि साखळी माझ्यापर्यंत आली. पार्सल एकाच्या नावाने, पैसे दुसऱ्याच्या. मला दिसत होतं, पण पैसे आलेत म्हटल्यावर कोण बघतो!

डोंबिवलीकर भाऊ
म्हणजे नाव-गाव विचारायलाच हवं ना? मग तो संदेश काय वेगळं सांगत होता?

टाकसाळकर
नाव, हो. पैसे भरणारा आणि पार्सल घेणारा एकच हवा, नसेल तर पैसे आले त्याच खात्यात परत जावेत म्हणून बँकेला लेखी कळवा आणि माल थांबवा. हे माझ्या यादीत हवं होतं, घ्या, दिलं तुम्हाला. आधारची झेरॉक्स मात्र अजूनही नाही. तिच्यावरून खातं कोणाचं ते कळत नाही.

डोंबिवलीकर भाऊ
उपकार झाले. सासऱ्यांना कळवतो.

चांदीवाला सांगलीकर
तिकीटवाले, खातं सुटलं का? चॅट, बिल, पोस्टाची पावती, पोचल्याची नोंद, सगळं एकत्र करून त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल करा आणि बँकेलाही द्या. वादातल्या रकमेपुरतंच अडकवा, बाकीचं मोकळं करा, असा लेखी अर्ज द्या.

तिकीटवाला
तसंच केलं. बाकीचं मोकळं झालं, तेवढी रक्कम अजून अडकलीय. तिकीट तर गेलंच.

शिवराई_वेडा
वाईट झालं. पण तिकीट खरं होतं ना? मूळ छपाई स्वित्झर्लंडची, फोटोग्राव्ह्यूर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून केलेली. भिंगाखाली छपाई बघितली होती का?

तिकीटवाला
अहो, लुटला मी गेलोय!