मुलांसकट अभयारण्यात : श्रमदान, पक्षीगणना, मचाण – अनुभव लिहा

रानवेडी (धागाकर्ती)
सफारीचे वृत्तांत आपल्याकडे ढिगाने आहेत. वाघ दिसला, नाही दिसला, जिप्सीवाल्याने कुठे फिरवलं. हा धागा त्यासाठी नाही. वनविभागाने किंवा एखाद्या संस्थेने बोलावलं, तुम्ही घरच्यांना घेऊन गेलात आणि तिथे हात चालवलेत, असं काही असेल तर लिहा. मुलं कंटाळली असतील तर तेही लिहा.

माझ्यापासून सुरुवात. नांदूर मध्यमेश्वरची पक्षीगणना. गोदावरी-कादवा संगमावरचा हा जलाशय 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाला. जानेवारीतली पहाट, निफाडची थंडी, लेक तिसरीत. गटप्रमुखांनी आधी थव्यातले फक्त दहा पक्षी मोजायला लावले. ते दहा नजरेला किती जागा व्यापतात ते बघायचं आणि मग तेवढे तेवढे तुकडे पाडत पुढे जायचं. लेकीला वारकरी दिले होते, म्हणजे काळे, पांढऱ्या कपाळाचे. चार उभ्या रेघा, एक आडवी, असं तिचं चाललेलं असताना वरून दलदल ससाणा आला. सगळे वारकरी पाण्यावर धावत सुटले आणि उडाले. "आता परत पहिल्यापासून?" हो, परत पहिल्यापासून. ती खूप चिडली. पण तिचा आकडा वनरक्षकांनी तक्त्यात लिहिला तेव्हा दोनदा जाऊन बघून आली.

कडेगावचा मास्तर
सागरेश्वर. हे माणसांनी उभं केलेलं अभयारण्य आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी उघड्याबोडक्या डोंगरावर झाडांचा ध्यास घेतला आणि 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. बारमाही पाणी मात्र नाही, त्यामुळे उन्हाळ्यात चितळ-सांबरांसाठी पाणवठे भरावे लागतात. आमची पोरं गेली ती भरायच्या आधी साफ करायला.

सिमेंटचा उथळ पाणवठा, तळाला शेवाळ आणि कुजलेला पाला. घमेली, खराटे, फावडी आम्हीच नेली होती. गाळ उपसून झाल्यावर वनमजुरांनी एका बाजूला दगड उतरते रचायला सांगितले. पोरांनी विचारलं, कशाला? खार, सरडा, एखादं पाखरू पाण्यात पडलं तर गुळगुळीत सिमेंटवरून त्याला वर येता येत नाही, बुडून मरतं. मग काय, दगड रचायला भांडणं! एकाने तर स्वतःची दोन बोटं दगडांवरून चालवत खार चढते का ते तपासलं.

कडेच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे होते. शेळ्या राखणाऱ्या घरची पोरं ती, पुस्तकाची गरज पडली नाही. "गुरुजी, ह्यो शेळीपेक्षा मोठा अन् टोकाला निमुळता." दिवसभरात एकही सांबर दिसलं नाही, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

पनवेलकर
कर्नाळ्याला फाटकावर प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतात, परतताना दाखवल्या की पैसे परत. आमच्या चिरंजीवांना सगळ्या सहलीत तेवढंच आवडलं. पक्षी राहिले बाजूला, सगळ्यांच्या बाटल्यांवर पहारा.

उरणची लेक, सध्या फ्रीमाँट
भारतातलं नाही, चालेल ना? सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकाठी, आमच्या घरापासून जवळ डॉन एडवर्ड्स राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे, 1972 चं. पूर्वी इथे मैलोन् मैल मिठागरं. 2003 मध्ये त्यातली सुमारे 15,000 एकर सरकारने घेतली आणि बऱ्याच ठिकाणी बांध फोडून भरतीचं पाणी आत घेतात, पुन्हा दलदल व्हावी म्हणून.

शनिवारी सकाळी स्वयंसेवकांना तण उपटायला आणि तिथली मूळची झुडपं लावायला बोलावतात. आई आली होती, तिलाही नेलं. तिचा जन्म मिठागरांच्या गावातला. बांधाची गोष्ट ऐकून म्हणाली, "आमच्याकडे खांड पडली की अख्खा गाव बुजवायला धावायचा, आणि हे मुद्दाम फोडतात?" मग तिथल्या बाईंनी समजावलं. या दलदलीत जेमतेम दहा ग्रॅमचा एक उंदीर राहतो, जगात फक्त याच उपसागराच्या काठाला. मोठ्या भरतीला त्याला उंचावर लपायला झुडपं लागतात, ती आपण उतारावर लावतोय. मी हे सगळं मराठीत सांगेपर्यंत आईने एक वाफा भुंडा केला होता.

उपटायचं तण काय, तर मोहरी! रानमोहरी, बाहेरून येऊन पसरलेली. "कोवळा पाला आहे गं, भाजी होईल." अभयारण्यातून पानही न्यायचं नाही हे सांगितल्यावर आई तोंड वाकडं करून पोत्यात भरत राहिली. नातू आजीचं पोतं ओढायला होता. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नाही, पण त्या दिवशी अडलं नाही.

पुणेरी कासव
वेळासच्या कासव महोत्सवाला गेलो होतो. आमची बस एका सहल कंपनीची. पहाटे किनाऱ्यावर दोरीमागे गर्दी, घरट्यावरची टोपली उचलली, खाली एकही पिल्लू नाही. संध्याकाळीही नाही. मुलं रडकुंडीला. "पिल्लं नक्की दिसतील" असं आधी सांगणाऱ्यांनी नंतर फोन उचलला नाही.

मंडणगडवाला
पिल्लांना बसचं वेळापत्रक कोण कळवणार? अंड्यांतून पिल्लं निघायला पन्नासेक दिवस लागतात, वाळूच्या उष्णतेप्रमाणे मागेपुढे होतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून इथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन काम उभं केलं. त्याआधी अंडी पळवली जायची. पुढच्या वेळी गावातच घरगुती राहा, दोन रात्री हाताशी ठेवा. आणि सकाळी हॅचरीवरच्या, म्हणजे अंडी राखतात तिथल्या, पोरांशी बोला, घरटं कुठल्या तारखेचं ते फलकावर बघा. मुलांना तेही आवडतं.

अमरावतीकर आई
बुद्धपौर्णिमेचं मचाण, मेळघाट. व्याघ्रगणना आता कॅमेऱ्यांनी होते, या रात्रीला 'निसर्गानुभव' म्हणतात. लहानांना नेत नाहीत, थोरली अठराची झाल्यावर आम्ही मायलेकी गेलो. भडक कपडे नाहीत, अत्तर नाही, कोरडा डबा, बोलणं बंद. वाघ नाही. अस्वल आलं, पाणी प्यायलं, गेलं. रानडुकरं मात्र आपलंच घर असल्यासारखी. रातवा पक्ष्याचा आवाज रात्रभर. एक गोष्ट बायकांनी आधीच विचारून घ्यावी : रात्री खाली उतरता येत नाही. नियमांच्या यादीत हे असतं, पण त्याचा अर्थ मचाणावरच कळतो.

रानवेडी
@अमरावतीकर आई, हे कुणी लिहीत नाही, बरं झालं लिहिलंत. शहरात जवळ काय आहे, असं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बरेच जण विचारताहेत. ठाणे-नवी मुंबईवाले?

ऐरोलीकर
कांदळवन स्वच्छता. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आमच्या दाराशी आहे. ओहोटी बघून वेळ ठरते. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून बोटभर वर आलेली असतात, त्यांत दुधाच्या पिशव्या, थर्माकोल, हारांचे दोरे गुंतलेले. ओढायचं नाही, मूळ तुटतं. कापून, सोडवून काढायचं. मुलगा निवट्या (चिखलात उड्या मारणारे मासे) बघत अर्धा तास बसला, बसू दिला. गमबूट मिळाले, पण मोठ्यांच्याच मापाचे. लहानांना नाडीचे जुने बूट घाला, नाडी घट्ट बांधा. चप्पल चिखलात गेली की गेली.