मदत हवी आहे: बार चार्टच्या लेबलवर टक्के कसे दाखवायचे?

अँड्रॉइड ॲपमध्ये एमपीअँड्रॉइडचार्ट ही आलेख काढायची लायब्ररी वापरतोय. पाय चार्ट बेरजेवरून टक्के स्वतःच काढून देतो, तिथे प्रश्न नाही. अडलंय बार चार्टवर. डेटा अपूर्णांकात येतो, 0.256 वगैरे. लायब्ररीतला पर्सेंटफॉर्मॅटर (आकड्याचं लेबल बनवणारा क्लास) नुसतं % चिन्ह जोडतो, शंभरने गुणत नाही, त्यामुळे लेबल दिसतं ‘0.3 %’! जावातल्या नंबरफॉर्मॅटचा पर्सेंट इन्स्टन्स शंभरने गुणतो, पण दशांश स्थळं सांगितली नाहीत तर 26% देतो आणि 0.004 चं चक्क शून्य करतो.

मला बारवर 25.6% हवंय, अक्षावर मात्र नुसतं 20%, 40%. दोन वेगळे फॉर्मॅटर लिहू, की लायब्ररीच्या मूळ फॉर्मॅटर क्लासवरून केलेल्या एकाच व्हॅल्यूफॉर्मॅटरमध्ये बार आणि अक्षाची फंक्शन्स ओव्हरराइड करू? मूळ डेटाच गुणून ठेवायला मन धजत नाही, पुढे तोच हिशोबाला लागतो. कोणी केलं असेल तर कोडचा तुकडा टाका ना.