तिच्या मनात काय आहे हे मी कशी सांगू शकले?

वेलीची फांदी

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, समितीत अकरा वर्षं आहे. संडे स्कूल त्याच्याही आधीपासून शिकवते. तीन आठवड्यांपूर्वी समितीत जे झालं ते इथे लिहिते आहे, कारण मंडळीत ज्याच्याशी बोलावं तो आधीच कुठल्या तरी बाजूला जाऊन बसला आहे.

दोन स्त्रिया सात महिन्यांपासून आमच्या उपासनेला येतात. जोडीदार म्हणून एकत्र राहतात आणि ते लपवत नाहीत. त्यांनी सभासदत्वासाठी अर्ज दिला. आम्ही समितीत नऊ जण, चर्चा दोन तास चालली. मी विरोधात बोलले. बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आणि मत्तयाच्या एकोणिसाव्यात विवाहाविषयी, पुरुष आणि स्त्री एकदेह होतात असं, जे वाचते त्यातून मला दुसरा अर्थ निघताना दिसत नाही. हे मत मी इथेही लपवणार नाही. माझी मैत्रीण त्यांच्या बाजूने बोलली. आमची मैत्री एकतीस वर्षांची आहे. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात रात्र रात्र तीच उशाशी बसली होती.

तिने प्रेषितांची कृत्ये, दहावा अध्याय उघडला, पेत्र आणि कर्नेल्य. छपरावर प्रार्थना करताना पेत्राला दृष्टांत होतो की देवाने शुद्ध केलेलं अशुद्ध मानू नकोस, आणि मग तो यहूदी नसलेल्या कर्नेल्याच्या घरी जातो. मी म्हटलं, तिथे प्रश्न खाण्यापिण्याचा आणि परक्या लोकांकडे जाण्याचा होता, पवित्र जगण्याचा नव्हता. ती म्हणाली, छपरावर प्रार्थनेला बसलेल्या पेत्राला तोही पवित्र जगण्याचाच प्रश्न वाटत होता. इथवर छान चाललं होतं. तिच्या या बोलण्यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. आणि मग माझ्या तोंडून गेलं, "तुला जगाची वाहवा हवी आहे. तरुण मुलांपुढे जुनाट दिसायला नको, एवढंच." ती म्हणाली, "आणि तुला त्या दोघी डोळ्यांसमोरच नकोत. वचन हे निमित्त."

त्यानंतर कोणी शास्त्र उघडलं नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. आता ती मागच्या बाकावर बसते. गेल्या रविवारी प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, ती उठलीच नाही.

अर्जाचा निकाल काय लागावा हे मी विचारत नाही. एखाद्याचं मत चुकीचं आहे असं म्हणणं आणि त्याचं मनच खोटं आहे असं म्हणणं, यांच्यामध्ये शास्त्र रेघ कुठे ओढतं? प्रभूने परूश्यांना, त्या काळच्या काटेकोर यहूदी धर्मपुढाऱ्यांना, ढोंगी म्हटलं. प्रेषित पौलाने पेत्राचा हेतू सगळ्यांदेखत काढला. मग आम्हालाच मनाई का? आणि मनाई असेल, तर माझं मत जसंच्या तसं असताना मी तिच्या दारात काय घेऊन उभी राहू?

जुना दिवा

ताई, सभासदत्वाबाबत मी तुमच्याच मताचा आहे. म्हणून माझं बोलणं जास्त टोचेल.

आपल्या बाजूची माणसं पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या, करिंथकरांस पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय पुढे करतात. आतल्यांचा न्याय मंडळीने करायचा आहे. पौलाने ते लिहिलंय, त्यातून सुटका नाही. पण एक पान मागे या. चौथ्या अध्यायाच्या पाचव्या वचनात तोच पौल त्याच लोकांना सांगतो की वेळेआधी न्याय करू नका. प्रभू येईल तेव्हा अंतःकरणातले संकल्प तो उघडे करील. पाचव्या अध्यायातली गोष्ट चारचौघांना दिसणारी होती, एक माणूस बापाच्या बायकोशी राहत होता. चौथ्यातली गोष्ट आतली. पौल सेवा कशासाठी करतो, याचा हिशोब करिंथकर मांडत बसले होते. कृत्याचा निवाडा मंडळीकडे दिला आणि हेतूचा प्रभूकडे ठेवला. अध्याय एकमेकांना चिकटून आहेत, आपण मात्र सोयीचा तेवढा वाचतो.

त्याच ठिकाणी तो आणखी एक म्हणतो, आणि ते मी वर्षानुवर्षं वरवर वाचून पुढे गेलो. तो म्हणतो, मी स्वतःचाही न्याय करत नाही. माझ्या मनाला काही बोचत नाही म्हणून मी निर्दोष ठरत नाही. स्वतःच्या हेतूची ग्वाही पौल देत नाही, आणि आपण शेजारच्या बाकावरच्या बाईच्या हेतूची देतो!

आमच्या मंडळीत एक गृहस्थ फार मोठ्या आवाजात प्रार्थना करायचे. मी त्यांना आठ वर्षं दिखाऊ समजलो, दोघातिघांना तसं बोललोही. त्यांना कानांनी कमी ऐकू येत होतं. ते वारल्यानंतर त्यांच्या मुलीकडून मला हे कळलं. माफी मागायला माणूस उरला नव्हता. तुमची मैत्रीण अजून मागच्या बाकावर आहे.

चौथा पहारा

जुना दिवा यांच्याशी सहमत, पण ताईंनी पेत्राचा मुद्दा काढलाय तो असाच सोडून चालणार नाही. पौल तिथे खरोखर हेतू सांगतो. गलतीकरांस पत्र, दुसरा अध्याय: सुंता झालेल्या, म्हणजे यहूदी, लोकांच्या भीतीने पेत्र मागे सरला.

आता बारावं वचन सावकाश वाचा. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून माणसं आली आणि तो बाजूला झाला. आधी एक, नंतर दुसरं, मधे फक्त पाहुणे आले. ही भीती पौलाने अंदाजाने काढली नाही, ती पेत्राच्या पायांत दिसत होती. शिवाय मताने पेत्र पौलाच्याच बाजूचा होता, म्हणून तर तो आधी त्या पंगतीला बसला. आपल्या उलट मताचा माणूस दिसला आणि पौलाने त्याला भित्रा ठरवलं, असं इथे घडलेलं नाही. स्वतःच्या विश्वासाविरुद्ध वागणाऱ्याला त्याने तोंडावर अडवलं.

हाच पौल तुरुंगात असताना काही जण हेव्याने, त्याचा त्रास वाढवायला सुवार्ता सांगत होते. फिलिप्पैकरांस पहिल्या अध्यायात तो त्यांचा हेतू ओळखतो आणि तरी म्हणतो, काही का असेना, ख्रिस्ताची घोषणा होते आहे आणि यात मला आनंद आहे. हेतू कळला म्हणून त्यांचा उपदेश त्याने खोडून काढला नाही.

परूश्यांविषयी एवढंच सांगतो. माणसाच्या मनात काय आहे हे प्रभूला कोणी सांगावं लागत नव्हतं, योहान २:२५. आपल्याला लागतं.

ताई, तुमच्या मैत्रिणीत असा बदल तुम्ही पाहिला होता का? खाजगीत एक आणि चारचौघांत दुसरं? पाहिला असेल तर तेवढाच दाखवा. नसेल तर तुम्ही तिच्या तोंडी कारण घातलं.

मोहरीचा दाणा

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे लांबण लागेल.

यहोशवाचा बाविसावा अध्याय फार कमी वेळा उपदेशात येतो. रऊबेन, गाद आणि मनश्शेचा अर्धा वंश, हे इस्राएलचे नदीपलीकडे राहणारे वंश, यार्देनेजवळ एक भली मोठी वेदी बांधतात. बाकीचं इस्राएल शिलोला जमतं, लढाईच्या तयारीने. अर्थ त्यांनी आधीच लावलेला असतो, हे देवाविरुद्ध बंड आहे. वचनाची कड घेऊनच ते निघालेत, आणि एकाच ठिकाणी वेदी असावी हा आग्रह खोटाही नाही. पण हल्ल्याआधी ते फिनहास याजक आणि दहा सरदार पाठवतात. पलीकडचे सांगतात, ही वेदी अर्पणासाठी नाही, साक्षीसाठी आहे. उद्या तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील की परमेश्वराशी तुमचा काय संबंध, नदी मधे आहे, तुमचा त्यात वाटा नाही. त्या भीतीने आम्ही ही बांधली.

म्हणजे ज्यांना हे लोक देवापासून फुटलेले समजत होते, ते देवाच्या लोकांतून बाहेर काढले जाण्याच्या भीतीने कासावीस झाले होते. दगड तेच, आणि हेतू अगदी उलटा निघाला. फिनहासाने विचारलं नसतं तर भावाभावांत रक्त सांडलं असतं, तेही देवाच्या नावाने. हा अध्याय वाचताना माझा घसा दाटतो.

न विचारता काय होतं तेही सांगतो. १५२९ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीत मार्बुर्गला लूथर आणि झ्विंग्ली हे प्रोटेस्टंट सुधारणेचे दोन पुढारी समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यात भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर प्रत्यक्ष आहे का, यावर अडलं. मतभेद खरा होता, दोघांनीही तो सोडू नये इतका खरा. पण लूथरने समोरच्यांना बंधू म्हणून हात देण्याचं नाकारलं. दोन्ही बाजूंनी विवेक परवानगी देईल तितकी प्रीती दाखवावी, असं शेवटच्या कलमात लिहिलेलं आहे. युरोपातल्या लूथरन आणि रिफॉर्म्ड (झ्विंग्लीच्या परंपरेतल्या) मंडळ्यांनी लॉयेनबर्गच्या करारानं एकमेकांना प्रभुभोजनाची सहभागिता दिली ती १९७३ मध्ये. ४४४ वर्षं.

तुमच्याच विषयावर युनायटेड मेथॉडिस्ट मंडळीत १९७२ पासून वाद होता. २०१९ ते २०२३ मध्ये अमेरिकेतल्या साडेसात हजारांहून जास्त स्थानिक मंडळ्या बाहेर पडल्या, आणि २०२४ च्या महासभेने समलिंगी पाळकांवरची आणि विवाहांवरची जुनी बंदी उठवली. निकाल कोणता योग्य यावर मी लिहीत नाही. त्या वादातली भाषणं मी पुष्कळ वाचली. समोरचाही वचनाला भिऊन बोलतो आहे, हे कबूल करून सुरू होणारी फार थोडी सापडली.

विहिरीपाशी

मी पुनर्विवाह केलेली बाई आहे. आधीच्या मंडळीत मला चार वर्षं प्रभुभोजन बंद होतं. त्या नियमाचं दुःख होतं, पण ते मला सोसवलं, कारण पाळकांनी घरी येऊन, माझ्यासमोर बसून, वचन उघडून सांगितलं. ते सांगताना त्यांचे हात थरथरत होते. "ही सहानुभूती गोळा करायला येते" हे एका बाईचं वाक्य मात्र मला मंडळीबाहेर घेऊन गेलं. मी फक्त गायला जात होते. मला ती गीतं लागत होती.

हन्ना मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करत ओठ हलवत होती आणि याजक एलीला ती प्यालेली वाटली. मला एली आवडतो, कारण तिने सांगितल्यावर त्याने वाद घातला नाही. त्याच जागी, तिथल्या तिथे त्याने आशीर्वाद दिला. इतका म्हातारा, इतका मोठा याजक, आणि आपली चूक घेऊन घरी गेला नाही.

रोमकरांस चौदाव्या अध्यायात, काय खावं आणि काय नको या वादात, पौल दोघांना वेगवेगळी ताकीद देतो. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. मोकळ्या माणसाचं पाप तुच्छता, काटेकोर माणसाचं पाप दोषारोप. तुम्ही दोघींनी आपापलं पाप केलंत. आणि "जवळ करा" हा शब्द त्या अध्यायात सगळ्यात आधी येतो, वाद मिटल्यावर नाही.

पण ताई, मला दुसरंच काही विचारायचं आहे. तुमच्या लिहिण्यात तुमची मैत्रीण आहे, आई आहे, नऊ जणांची समिती आहे. त्या दोघी पहिल्या चार ओळींनंतर दिसत नाहीत. अर्ज देऊन त्यांना तीन आठवडे झाले. त्यांना कोणी काय कळवलं? त्या अजून येतात का? तुम्ही दोघी उद्या गळ्यात गळे घालून रडाल आणि मला त्याचा आनंदच होईल, पण अर्ज त्यांचा आहे. त्यांच्या हेतूंविषयीही त्या दोन तासांत कोणी काही बोललं असणारच. ते त्यांच्या कानावर गेलं असेल.

वेलीची फांदी

चार दिवस मला लिहिता आलं नाही.

चौथा पहारा, नाही, असा बदल मी पाहिला नव्हता. ती हे पंधरा वर्षांपासून म्हणते आहे. आमच्या मंडळीत तेव्हा कोणीच तसं म्हणत नव्हतं आणि त्यासाठी तिने बोलणीही खाल्ली. वाहवा तिला कधी मिळालीच नाही. मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी ते बोलले.

विहिरीपाशी, तुमचा प्रश्न वाचून मी सचिवांना फोन केला. त्या दोघींना कोणीही काही कळवलेलं नाही. गेल्या दोन रविवारी त्या आल्या नव्हत्या. मला ते समजलंसुद्धा नाही, माझं सगळं लक्ष मागच्या बाकावर होतं. आणि हो, समितीत एक जण म्हणाला होता की त्या मंडळीला वापरून घ्यायला आल्यात. मी विरोधात होते म्हणून मी त्याला अडवलं नाही. ते वाक्य माझ्या उपयोगाचं होतं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

काल मैत्रिणीकडे गेले. म्हटलं, माझं मत तेच आहे, पण तुझ्या मनाविषयी मी जे बोलले ते मला माहीत नसताना बोलले, आणि ते खोटं होतं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जिथे बोललीस तिथे सांगशील?" मी हो म्हटलं. तिने तिचं वाक्य परत घेतलं नाही, मीही मागितलं नाही. खरं सांगायचं तर तिच्या वाक्यात काही तथ्य आहे का, हे मी स्वतःशी अजून तपासते आहे. त्या दोघी दारातून आत आल्या की मी गीतांचं पुस्तक चाळू लागते, हे तिने पाहिलेलं असणार. तो बदल तिला दिसत होता.

अर्जावर काय बोलणार, तिने विचारलं. मी म्हटलं, तेच. ती म्हणाली, मग मीही तेच बोलणार. निघताना तिने दार लावलं नाही, फाटकापर्यंत आली.

शनिवारी आम्ही दोघी मिळून त्या दोघींच्या घरी जाणार आहोत. त्यांनी या म्हटलंय. अर्जाविषयी तिथे मत मांडायचं नाही, तीन आठवडे का गेले ते सांगायचं, आणि समितीत झालेलं ते वाक्य त्यांच्या कानावर गेलं असेल तर मी गप्प बसले होते हेही सांगायचं, असं ठरलंय.