प्रसाद ‘चढवायचा’ की नैवेद्य ‘दाखवायचा’?

दादरकर: सोसायटीच्या गणपतीची सूचना आली, ‘संध्याकाळी बाप्पाला प्रसाद चढवला जाईल’. कानाला खटकलं. दागिने चढवतात हे ऐकलंय, पण प्रसाद? ही हिंदीची लागण का?

पार्लेकर: हिंदीचीच. शिवाय देवापुढे ठेवतो तो नैवेद्य आणि त्याचा होऊन आपल्या हातावर पडतो तो प्रसाद. ‘प्रसन्न’ आणि ‘प्रसाद’ एकाच धातूतले. गीतेत (२.६५) ‘प्रसादे सर्वदुःखानां हानिः’ म्हटलंय तिथे मन निवळणं असा अर्थ आहे, शिऱ्याचा संबंध नाही. आपण मात्र मार खाल्ला तरी ‘प्रसाद मिळाला’ म्हणतो.

गिरगावकरीण: नैवेद्य दाखवतातच. ‘निवेदन’ त्याच कुळातलं. वाढलंय हे देवाला कळवायचं. पाण्याचा चौकोन काढून त्यावर पान ठेवायचं, तुळशीपत्राने भोवती पाणी फिरवायचं, ‘प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा’ म्हणत घास भरवल्यासारखा हात न्यायचा. मध्ये प्यायला पाणी, मग हात धुवायला, तोंड धुवायला. आणि शेवटी ‘करोद्वर्तनार्थे चंदनं समर्पयामि’! जेवणाचा तुपकट वास जावा म्हणून हाताला चोळायला चंदन. पूजा सांगणारे हे इतकं भरभर म्हणतात की कुणाचं लक्षच जात नाही. मला तर सगळ्या पूजेत हेच आवडतं. आसन, पाद्य, अर्घ्य, सगळा पाहुणचारच आहे. प्रतीकं मागाहून आली असावीत.

तर्कट: मागाहून का असेना, आहेत. मानसपूजेत गंध पृथ्वीचं, फूल आकाशाचं, धूप वायूचा, दीप अग्नीचा आणि नैवेद्य अमृताचा. पण मराठीची खरी गंमत क्रियापदांत. गंध लावतो, फूल वाहतो, ओटी भरतो, आरती ओवाळतो. नारळ फोडला म्हणणं अशुभ, म्हणून वाढवतो, बांगडीही वाढवतो. सगळीकडे ‘अर्पण केले’ लिहिलं की भाषा सरकारी होते. आणि नारळ ‘देऊ’ नका, तो ऑफिसात देतात.

दादरकर: आणि अक्षता? तुटका दाणा का चालत नाही?

पार्लेकर: अ-क्षत, म्हणजे न तुटलेलं. कणी घातली तर नावालाच अर्थ राहत नाही. पण अक्षतांचं मोठं काम वेगळंच आहे. वस्त्र नाही? ‘वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि’. दागिने नाहीत? ‘आभूषणार्थे अक्षतान्’. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सोळाच्या सोळा उपचार होतात ते या मूठभर तांदळांच्या जिवावर.

परळवाला: तर्कट, आमच्या कोकणात राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, नारळ ‘देतातच’, चांगलं गाऱ्हाणं घालून. आणि नारळी पौर्णिमेला वरळीला जाऊन बघा, दर्याला अख्खा सोडतात. तिथे तुमचं ‘वाढवणं’ही चालायचं नाही.

तर्कट: मान्य. पण राखणदाराला नोकरीवरून काढत नाहीत ना?