पाचवीला सेमी घ्यावं की पूर्ण मराठी?

चिंचेचा कोळ: लेक चौथीपर्यंत सगळं मराठीतून शिकली. आता शाळा म्हणतेय, गणित-विज्ञान इंग्रजीतून घ्या, मराठीची तुकडी भरत नाही. परवा शेजारच्या सेमीवाल्या मुलाला विचारलं, पेरिमीटर म्हणजे काय रे? ‘सम ऑफ ऑल साइड्स’, खाडकन उत्तर. म्हटलं, मग अंगणाला कुंपण घालायला किती तार लागेल? त्याने लांबी-रुंदीचा गुणाकार केला! (माझी लेक बरोबर सांगेलच, असं शपथेवर नाही म्हणत.) मला तरी हे सेमी म्हणजे धड ना इकडचं, धड ना तिकडचं वाटतं.

लाल डबा: ताई, तो दोष शिकवणाऱ्याचा. मी दहावीपर्यंत पूर्ण मराठी, गणितात कायम पुढे. अकरावी सायन्सला पहिल्याच तासाला सर ‘रेसिप्रोकल, रेसिप्रोकल’ करत होते. गुणाकार व्यस्त म्हणाले असते तर फळ्यावर जाऊन सोडवून दाखवलं असतं. दिवाळीपर्यंत मागच्या बाकावर तोंड शिवून बसलो. पोराच्या वाट्याला ते नको.

पाटीपेन्सिल: धक्का बसतो, मान्य. पण २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी विषय आहे, तो कशासाठी? तो नीट शिकवा की! मराठी पुस्तकातही संज्ञेपुढे कंसात इंग्रजी शब्द असतो. मी सेमीला विज्ञान शिकवलंय. वाचायचं इंग्रजीत, समजवायचं मराठीत, आणि पेपरात पोरं गाईडमधलं पाठ केलेलं ओततात. स्वतःचं एक वाक्य नाही.

लाल डबा: गेल्या वर्षी पहिलीपासून हिंदीच्या जीआरवर आपण सगळे तुटून पडलो, २९ जून २०२५ला सरकारने तो मागे घेतला. बरंच झालं. पण ओरडणाऱ्यांतल्या कितींची पोरं मराठी शाळेत आहेत? माझा नाही, आधीच कबूल करतो.

हिशेबी: सुप्रीम कोर्टाने २०१४ साली कर्नाटकच्या खटल्यात सांगितलंय, प्राथमिकला माध्यम कोणतं हे पालक ठरवणार, सरकारला लादता येणार नाही. छान. पण मराठीची तुकडीच उघडली नाही, तर पालकांनी निवडायचं काय, डोंबल?

चिंचेचा कोळ: आज शाळेत जाऊन आले. पूर्ण मराठीला अकरा नावं आलीत. बाई म्हणाल्या, वीस करा, मग मुख्याध्यापकांशी बोलते. मागच्या चाळीत पाचवीला जाणाऱ्या दोघी आहेत. संध्याकाळी नळाला पाणी आलं की त्यांच्या आया सापडतील.