डिसेंबरात टाकलेलं टोमॅटोचं बी उगवंना

राम राम मंडळी. मानवत, जि. परभणी. मार्चात माल काढायचा म्हणून ट्रेमध्ये बी टाकलं. बारा दिवस झाले, निम्मंच उगवलंय. आलेल्या रोपांची पानं खालून जांभळी दिसतात. औषध मारू का?

उत्तर १: दादा, औषध नको. ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) गार पडलं की मुळांना स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलता येत नाही, म्हणून जांभळेपणा. बियाला 20 ते 25 अंश ऊब लागते, अन् आपल्याकडं पहाटे पारा 10च्या खाली येतो. मी पेरलेले ट्रे एकावर एक रचून वर काळं प्लास्टिक अन् गोणपाट टाकतो. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उचलून बघायचं. कोंब दिसला की लगेच उन्हात. मागं लग्नाला गेलो, एकच दिवस उशीर झाला; रोपं पांढरी, दोऱ्यासारखी लांब. चाळीस ट्रे फेकले, अजून जीव हळहळतो.

उत्तर २: संध्याकाळी पाणी देऊ नका, रात्रभर ओल अन् गारवा राहून रोपं मरू शकतात. रात्री क्रॉप कव्हर (रोपांवर टाकायचं पातळ कापड) टाका, ऊन आलं की काढा.

प्रश्नकर्ता: आज ट्रे उचलून बघितले, तळ बर्फासारखा गार. पडवीत हलवले. लावणीनंतर फूल गळंल का?

उत्तर १: रात्री 13च्या खाली असल्या तर गळतंच. तुमची फुलं फेब्रुवारीअखेर येतील, तवर थंडी सरते. पण माल एप्रिलातच धरा.