बाबांच्या मणक्यातला स्क्रू सैल झालाय, म्हणजे ऑपरेशन फसलं का?

मधली_लेक
बाबा ६३ वर्षांचे. १४ महिन्यांपूर्वी एल४-एल५ला (कंबरेचे चौथा-पाचवा मणका) फ्यूजन, म्हणजे मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन झालं, चार स्क्रू आणि दोन रॉड. आधी उजव्या पोटरीपर्यंत कळ जायची, दहा मिनिटं चाललं की बसावं लागायचं. ती कळ गेली ती गेलीच. पाच-सहा महिने अगदी मजेत होते. मग कंबर दुखायला लागली. उभं राहिलं, कूस बदलली की जास्त, आडवं पडलं की कमी. आता एक्सरेत स्क्रूभोवती काळी रेघ दिसतेय, स्क्रू सैल झालाय, रिव्हिजन, म्हणजे त्याच जागी पुन्हा ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात. बाबा चिडलेत, आई म्हणते पुन्हा टेबलावर नको. नक्की चुकलं काय?

जुना_सभासद
स्क्रू हलक्या प्रतीचे टाकले असणार. दुसरं काय?

दोनदा_टेबलावर
स्क्रूच्या नावाने बोटं मोडू नका हो. स्क्रू आणि रॉड म्हणजे स्लॅबखालचं सेंट्रिंग. काँक्रीट धरेपर्यंतच त्याचं काम. फ्यूजनमध्ये दोन मणक्यांच्या मधे हाड जुळून यावं लागतं आणि त्याला सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतात. हाड जुळलंच नाही तर प्रत्येक उठण्या-वाकण्याचा भार त्या धातूवर. मग एक तर स्क्रू हाडात सैल होतो, नाहीतर रॉड तुटतो. चांगल्यातला चांगला रॉडसुद्धा. मधली_लेक, तुम्ही लिहिलंय त्यावरून मला हाच प्रकार वाटतो, पण मी डॉक्टर नाही, फक्त दोनदा कापून घेतलेला माणूस आहे.

माझं प्रकरण वेगळं होतं. एल५-एस१ची, म्हणजे कंबरेच्या शेवटच्या मणक्याखालची सरकलेली गादी काढली, स्क्रू वगैरे काही नाही. सात आठवडे झकास. मग बूट घालायला वाकलो, त्यातच शिंक आली, आणि तीच कळ त्याच पायात. गादीचा नसेवर आलेला तुकडाच काढतात, बाकीची गादी तिथेच असते. तिचा आणखी तुकडा बाहेर येऊ शकतो. शंभरातल्या साधारण ५ ते १५ जणांना हे होतं म्हणे. मी त्यातला.

दुसऱ्या सर्जनकडे गेलो तर मी किती दुखतंय ते सांगतोय आणि ते एकाच प्रश्नावर अडून बसलेले: "मधे किती दिवस बरं होतं?" तेव्हा राग आला होता, पण खरी मेख तिथेच आहे. एकही दिवस आराम पडला नसेल तर मुळात दुखण्याचं कारण दुसरंच होतं (खुब्याचा सांधासुद्धा असू शकतो), भलत्याच मणक्यावर काम झालं, किंवा नस पुरती मोकळी झाली नाही. कधी नस इतके महिने दबलेली असते की मोकळी करूनही ती सावरत नाही. काही आठवडे-महिने बरं आणि मग अचानक पाय, तर माझ्यासारखी गादी. हळूहळू वाढत गेलं तर ऑपरेशनची जखम भरताना आत झालेला व्रण नसेला चिकटलेला असू शकतो. काही वर्षांनी दुखलं तर बहुधा वरचा किंवा खालचा शेजारी. जोडलेला मणका हलत नाही, त्याच्या वाटचं वाकणं शेजाऱ्याला करावं लागतं.

व्रणासाठी सहसा पुन्हा उघडत नाहीत. खरवडला की नवा व्रण तयारच. माझ्या वेळी शिरेतून गॅडोलिनियम (फोटोत फरक उठून दिसावा म्हणून देतात ते औषध) देऊन एमआरआय केला होता, त्यात व्रण उजळतो आणि गादीचा तुकडा मधे काळाच राहतो. त्यावरच माझं ऑपरेशन ठरलं.

पडद्यामागची_टेक्निशियन
हाड जुळलंय का हे एक्सरेपेक्षा सीटीत नीट कळतं, तो करून घ्या. सोबत सीआरपी आणि ईएसआर या संसर्गाचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचण्या. ताप नसला तरी दबक्या संसर्गानेही स्क्रू सैल होतात, आणि मग उपचारच बदलतात. हाडांची घनता तपासली होती का? बाबा तंबाखू-सिगारेट घेतात का? निकोटीनने हाड जुळायला अडथळा येतो. आणि लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली किंवा पाय लुळा पडू लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

जुना_सभासद
बरं, सेंट्रिंगचं पटलं.

मधली_लेक
अपडेट देते. सीटीत हाड जुळलेलं नाही. सीआरपी, ईएसआर दोन्ही नॉर्मल. घनता कमी निघाली, जी आधी कोणी तपासलीच नव्हती, याचा राग मला अजून आहे. सिगारेटचं विचारलं तेव्हा बाबा गप्प. मग म्हणाले, "दिवसाला दोनच. गच्चीवर." १४ महिने! डॉक्टरांनी तारीख दिलेली नाही. आधी हाडांचं औषध, आणि सिगारेट पूर्ण बंद. गच्चीची किल्ली आईने काढून घेतलीय. बाबा आता निकोटीनचं च्युइंगम मागतायत.

दोनदा_टेबलावर
सर्जनना विचारूनच द्या. त्यातही निकोटीनच असतं.